गुरुत्वाकर्षण सिद्धांतांची वैश्विक कसोटी

गुरुत्वाकर्षण सिद्धांतांची वैश्विक कसोटी : अतिदूरच्या खस्थ पदार्थांच्या निरीक्षणांवरून गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धांतांची ग्राह्याग्राह्यता ठरविण्याची पद्धती. सूर्यकुलात गुरुत्वीय क्षेत्र दुर्बल व अंतरे अल्प असल्याने एकाहून अधिक सिद्धांत तेथील कसोट्यांस उतरतात. त्यांतील भेद विश्वाच्या प्रमाणावरच स्पष्ट होतो. शिवाय दूरच्या दीर्घिकेचे प्रारण फार पूर्वी निघालेले असल्याने त्यावरून विश्वाच्या गतस्थितीचे ज्ञान होते.

निर्मितिक्षेत्र : फ्रेड हॉइल व कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९६० नंतरच्या दशकात आइन्स्टाइन यांच्या समीकरणांत ऋण ऊर्जेच्या निर्मितिक्षेत्राची भर घातली. त्यामुळे प्रसरणाबरोबर नवे द्रव्य निर्माण होऊन विश्वाची सरासरी स्थिती सर्वकाळ सारखीच राहते. ग्रहांच्या गतींवर या क्षेत्राचा परिणाम नगण्य असल्याने सिद्धांताची परीक्षा दूरच्या निरीक्षणांनीच होणे शक्य होते. १९६५ साली सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाला, तो या सिद्धांतास प्रतिकूल ठरला.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटकमंड येथे १९७० साली कार्यान्वित केलेल्या ५३० मी. लांब व ३० मी. रुंद रेडिओ दूरदर्शकाने, चंद्रामुळे होणाऱ्या पिधानांवरून, अंधुक रेडिओ उद्गमांचे कोनीय आकारमान मोजण्यात आले. विजय कपाही व गोविंद स्वरूप यांनी १९७५ साली काढलेल्या निष्कर्षांनुसार रेडिओ उद्गमांचे गुणधर्म पूर्वी निराळे होते; हेही स्थिर स्थितीशी विसंगत होते. या सुमारास नारळीकर त्याच संस्थेत प्राध्यापक होते. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी सुधारित स्थिरवत् विश्वाची कल्पना मांडली; तिला सर्वसाधारण मान्यता मिळाली नाही.

गुरुत्वीय तरंग : १७ ऑगस्ट २०१७ रोजी सु. १३ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय तरंगांनंतर अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोहोचले. यावरून गुरुत्वीय तरंगांचा व प्रकाशाचा वेग जवळजवळ तंतोतंत सारखा असल्याचे दिसून आले आणि वेगांत फरक सांगणारे अनेक पर्यायी सिद्धांत बाद झाले. नारायणगावजवळील खोडद येथील ३० थाळ्यांच्या महाकाय रेडिओ दूरदर्शकाने केलेल्या स्पंदकांच्या वेधांचा उपयोग २०२३ साली दीर्घ कालावधीच्या गुरुत्वीय तरंगांचा पुरावा मिळविण्यासाठी झाला.

मर्यादा : उद्गमांची उत्क्रांती आणि गुरुत्वाकर्षणाचे स्वरूप यांचे परिणाम निरीक्षणांत मिसळलेले असतात. म्हणून एकाच निरीक्षणावर निर्णय न देता परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक कसोट्यांचे फलित एकत्र पाहावे लागते.