कागद एकदा, लक्ष कायम
काळजीवाहूंची सरकारी पार्श्वभूमी-तपासणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंड आणि वेल्समध्ये रुग्णालय, केअर होम, पाळणाघर किंवा शाळेत नोकरी धरायची म्हटली की ‘डीबीएस’ हा शब्द लगेच कानावर पडतो. डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस या सरकारी संस्थेचं हे लघुरूप. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या नर्स, केअरर आणि शिक्षकांनाही तिच्या पार्श्वभूमी-तपासणीतून जावं लागतं. ती सुटसुटीत करावी अशी मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. पण तिच्याभोवती गैरसमजही बरेच साचले आहेत. त्यांतून कुणाचे महिने वाया जातात, तर कुठे असहाय माणसाच्या सुरक्षेत फट राहते.

गैरसमज: प्रक्रिया सोपी केली की तपासणी ढिली होते.

वस्तुस्थिती: या व्यवस्थेतली सर्वांत मोठी चूक कागद कमी असल्यामुळे झाली नव्हती. ऑगस्ट 2002 मध्ये सोहम गावात इयन हंटली या शाळेच्या केअरटेकरने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. नोकरीसाठी त्याची पोलीस तपासणी झाली होती. मात्र दुसऱ्या परगण्यात त्याच्यावर झालेल्या लैंगिक गुन्ह्यांच्या आरोपांची माहिती नेमणूक करणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशी अहवालाने 2004 मध्ये माहितीच्या या तुटलेल्या साखळीवर बोट ठेवलं. त्यानंतर आलेल्या योजनेत सुमारे 90 लाख लोकांची नोंदणी करायचं ठरलं. हा पसारा अवाजवी वाटल्याने 2010 मध्ये ती थांबवली गेली. पुढे 2012 च्या कायद्याने तपासणी करणारी आणि अयोग्य लोकांना अशा कामावर बंदी घालणारी अशा दोन संस्था एकत्र आल्या आणि डिसेंबर 2012 पासून डीबीएसचं काम सुरू झालं. दोन खिडक्यांची एक खिडकी झाली, तरी तपासायचं ते तपासलं जातंच.

गैरसमज: प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं असते आणि नोकरी बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वस्तुस्थिती: प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते. ते दिलं त्या दिवसापुरतं खरं असतं. किती काळाने पुन्हा तपासायचं, हे संस्था स्वतः किंवा तिच्यावर देखरेख करणारी यंत्रणा ठरवते. तीन वर्षांचा आकडा त्यातून रूढ झाला.

पुन्हापुन्हा अर्ज करण्यावरचा उपाय जून 2013 पासून आहे: अपडेट सर्व्हिस. प्रमाणपत्र निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत त्यात नाव नोंदवायचं आणि दर वर्षी वर्गणी भरायची. डिसेंबर 2024 च्या दरांनुसार ही वर्गणी 16 पौंड आहे, तर नव्या एन्हान्स्ड (सर्वांत सखोल स्तराच्या) तपासणीचं शुल्क 49.50 पौंड. स्वयंसेवकांना दोन्ही मोफत. नवी संस्था मूळ प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पाहते आणि तुमची संमती घेऊन ऑनलाइन स्थिती तपासते. शिक्षा आणि बंदी यांच्या नव्या नोंदी दर आठवड्याला शोधल्या जातात. म्हणजे कपाटातल्या कागदापेक्षा ही देखरेख जास्त ताजी असते.

अट एवढीच, की नवं काम त्याच स्तराचं आणि त्याच गटातलं हवं. मुलांसोबतच्या कामासाठी काढलेलं प्रमाणपत्र वृद्धांच्या सेवेसाठी चालत नाही. स्कॉटलंडची व्यवस्थाही निराळी आहे. तिथली पीव्हीजी ही सदस्यत्वाची योजना 1 एप्रिल 2025 पासून अशा कामांसाठी कायद्याने सक्तीची झाली.

गैरसमज: प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कामाला हातच लावता येत नाही.

वस्तुस्थिती: एन्हान्स्ड तपासणीत उशीर बऱ्याचदा स्थानिक पोलिसांच्या टप्प्यावर होतो. अर्जदार गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिला, तिथल्या पोलिसांकडे विचारणा जाऊ शकते. म्हणून पत्ते आणि तारखा नेमक्या भरणं हा वेळ वाचवायचा खात्रीचा मार्ग. प्रौढांच्या सेवेसाठी ‘अ‍ॅडल्ट फर्स्ट’ नावाची सोयही आहे. असं काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीत नाव नाही एवढं आधी पाहून, पूर्ण प्रमाणपत्र येईपर्यंत देखरेखीखाली काम सुरू करता येतं.

गैरसमज: जुना गुन्हा नोंदला असेल तर हे दार कायमचं बंद.

वस्तुस्थिती: नोंद असणं आणि बंदी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांसोबत आणि असुरक्षित प्रौढांसोबत काम करायला मनाई असलेल्यांच्या दोन स्वतंत्र याद्या आहेत. यादीत नाव असताना असं काम करणं हाच गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाकी नोंदींचं काय करायचं, हे कामाचं स्वरूप पाहून ठरवायचं असतं. किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ठरावीक काळानंतर प्रमाणपत्रावर येत नाहीत. अल्पवयात मिळालेली समज तर नोव्हेंबर 2020 पासून आपोआप दाखवली जात नाही. सोळाव्या वर्षीची चूक माणसाच्या पोटावर जन्मभर येऊ नये, हे न्यायाला धरून आहे.

गैरसमज: डीबीएसमध्ये भारतातल्या नोंदीही दिसतात.

वस्तुस्थिती: परदेशातल्या गुन्हेगारी नोंदी डीबीएसला सहसा पाहता येत नाहीत. म्हणून आरोग्य, समाजसेवा आणि शिक्षण क्षेत्रांतल्या बहुतेक कामांच्या व्हिसासाठी, अठराव्या वर्षानंतर आणि गेल्या 10 वर्षांत जिथे 12 महिने किंवा अधिक काळ राहिलात, त्या प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र मागतात. भारतासाठी ते म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. ते पासपोर्ट सेवेतून काढता येतं. एजंटच्या ‘तिकडे गेल्यावर बघू’ या बोलण्यावर विसंबू नका.

गैरसमज: प्रमाणपत्र कोरं आलं म्हणजे माणूस निर्धोक.

वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक गैरसमज. ज्याच्या वागण्याची तक्रारच कुणी केली नाही, त्याचंही प्रमाणपत्र कोरं येतं. म्हणून आधीच्या मालकाकडे चौकशी, नीट मुलाखत, कामावर देखरेख आणि तक्रार ऐकून घेणारा कुणीतरी माणूस यांची गरज कधीच संपत नाही. एखाद्याने इजा केली किंवा त्याच्यापासून धोका आहे म्हणून त्याला अशा कामावरून दूर केलं, तर डीबीएसला कळवणं संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. त्याने आधीच राजीनामा दिला असला तरी ही जबाबदारी टळत नाही. गुपचूप निरोप देऊन मोकळं होणारी संस्था तो धोका पुढच्या केअर होमच्या दारात नेऊन सोडते.

सुटसुटीतपणा हवाच, पण तो योग्य जागी. तीच माहिती तिसऱ्यांदा भरून घेण्यात कुणाचंच रक्षण होत नाही. तो वेळ आणि पैसा नव्या कर्मचाऱ्याला शिकवण्यात, त्याच्या कामावर लक्ष ठेवण्यात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘इथे तुम्हाला नीट वागवतात ना?’ असं विचारण्यात लागला, तर तपासणीचा हेतू खऱ्या अर्थाने पुरा होईल.