लंडनची कॉफी आणि कान तुटलेला कप



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलं?" आम्हालाही रावेर स्टेशनवर उतरल्याबरोबर तोच प्रश्न आला. राणीचा राजवाडा पाहिला, थेम्स नदी पाहिली, नदीकाठचे मोठे घड्याळ पाहिले. पण मनात घर करून राहिली ती तिथली कॉफीची दुकाने. हे ऐकून आमचे शेजारी हसले. एवढे विमानाने जाऊन कॉफीच पाहिली का, असे त्यांना वाटले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

महाराष्ट्र शासनाचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतो. आमची लेक त्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेली. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिला भेटायला गेलो. केळीच्या वॅगनी भरणाऱ्या हमालाचा मुलगा आणि दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली त्याची बायको विमानात बसली, हीच आमच्या घरात मोठी गोष्ट होती.

पहिल्याच दिवशी लेक आम्हाला विद्यापीठाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. आमच्या पुढे कोटटायवाला साहेब, मागे नारिंगी जाकीट घातलेला, सिमेंटने हात माखलेला बांधकाम मजूर. रांग एकच. आमची पाळी आली तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीने आमचे नाव विचारले. आम्ही थबकलो. आपल्याकडे नाव विचारले की मागून आडनाव येते, मग गाव, मग गावात राहायला कुठे. पुढचा प्रश्न काय येणार, याची वाट पाहत आम्ही उभे. पण तिने नुसते नाव कागदी पेल्यावर लिहिले आणि मागच्या मजुराकडे वळली. कॉफी तयार झाली की हाक मारता यावी, एवढ्यासाठीच नाव! कोटवाल्या साहेबालाही तसेच विचारले होते, मजुरालाही तसेच विचारले.

किमतीचे सांगायचे तर एका कपाला साडेतीन पौंड, म्हणजे आपले साडेतीनशेच्या वर रुपये. "काय माय, एवढ्यात आपला आठवड्याचा चहा होतो," असे आमच्या घरचे माणूस बोललेच.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचे घर पाहायला गेलो. चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर उतरून पायी जाता येते. घराचा पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली विद्यार्थिदशेत बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ही वास्तू विकत घेऊन तिथे स्मारक केले. पैशांच्या तंगीत, अर्धपोटी राहून त्यांनी इथे अभ्यास केला. आदल्या दिवशीच्या साडेतीनशे रुपयांची तिथे उभे असताना आम्हाला लाज वाटली. आणि आणखी एक आठवण झाली. याच लंडनची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन आलेले बाबासाहेब १९२९ साली आपल्या खानदेशात चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जाण्यास नकार दिला. आपल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला, तो पुलावर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

घर पाहून झाल्यावर जवळच्या एका लहान कॉफीच्या दुकानात बसलो. इथे कागदी पेला नव्हता, चिनी मातीची कपबशी होती. कॉफी संपली तशा आमच्या घरच्या कप घेऊन उठल्या आणि इकडे तिकडे पाहू लागल्या. लेकीने विचारले, "आई, काय पाहिजे?" त्या म्हणाल्या, "नळ कुठं हाय? कप विसळून ठेवते." लेक म्हणाली, "राहू दे आई. कप तेच धुतात. सगळ्यांचेच." त्या खाली बसल्या. थोडा वेळ आम्ही तिघेही काही बोललो नाही.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या लहानपणी तालुक्यातल्याच एका गावी चहाच्या हॉटेलात आमच्या वडिलांसाठी कान तुटलेला कप बाहेर खांबाजवळच्या फळीवर उपडा ठेवलेला असे. चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की कप आपणच विसळून पुन्हा उपडा ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच! दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, हे संविधानाच्या १५ व्या कलमात २६ जानेवारी १९५० पासून लिहिलेले आहे. तो कप मात्र त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे त्या फळीवर होता.

पण या साहेबांच्या देशात सगळे आपोआप आले, असे कोणी समजू नये. लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ साली पास्का रोझे नावाच्या माणसाने एका बोळात उघडले. ती जागाही लेकीने दाखवली. आता तिथे मद्यालय आहे, भिंतीवर पाटी आहे. त्या काळच्या कॉफीगृहांत एक पेनी टाकली की कोणीही बसावे, मोठा माणूस आला म्हणून जागेवरून उठू नये, असा रिवाज होता. लोक एकत्र बसून राजकारण बोलू लागले, तशी राजाला धास्ती वाटली. दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. ओरड एवढी झाली की थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. तरी या 'कोणीही' मध्ये बायका धरलेल्या नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणून त्यांना बहुतेक ठिकाणी जागा नव्हती.

अमेरिकेत तर याच कॉफीसाठी सत्याग्रह झाला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी त्यांनी किरकोळ सामान विकत घेतले. ते पैसे दुकानाने बिनतक्रार घेतले. मग ते खाण्याच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी होती. नकार मिळाला, तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, हे लोण इतर शहरांत पसरले आणि २५ जुलै १९६० रोजी त्या दुकानाला काळ्यांना वाढावे लागले. आज तिथे संग्रहालय आहे. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले ते तहान भागवण्यासाठी नव्हे. या चौघांची कॉफी त्याच जातीची होती.

आणि जात परदेशी जात नाही, असेही नाही. माणूस जातो तशी तीही सामानातून जाते. अमेरिकेतले सिएटल शहर कॉफीसाठी प्रसिद्ध आहे. स्टारबक्सचे पहिले दुकान १९७१ साली तिथेच निघाले. त्याच सिएटलच्या नगर परिषदेला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तिथे गेलेल्या आपल्या माणसांनी गाऱ्हाणी मांडली, म्हणूनच ना?

परत आलो त्या दिवशी रावेर स्टेशनबाहेर चहा घेतला. एकाच किटलीतला, सगळ्यांना एकसारख्या काचेच्या पेल्यात. पेले टपरीवाल्याने उचलले आणि त्यानेच विसळले. आमच्या घरच्या माझ्याकडे पाहून हसल्या. आमच्या वडिलांना मात्र हे पाहायला मिळाले नाही.

शेवटी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलामुलींना शिष्यवृत्तीचा अर्ज जरूर भरायला लावा. खर्चाच्या भीतीने घरी बसवू नका. आणि दुसरी गोष्ट अवघड आहे. आपल्यापेक्षा खालचे समजले गेलेले कोणी आपल्या दारी आले, तर त्यांच्या हाती आपण कोणता कप देतो, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या मांडणीकडे पाहून ठरवावे. तिथे एखादा कान तुटलेला कप बाजूला ठेवलेला असेल, तर तो आजच फेकून द्यावा.