डिश तीच, उपग्रह तोच. मग कन्व्हर्टर का बदलायचा?

मागच्या व्याख्यानात आपण उपग्रह भू-केंद्राची डिश आणि तिच्या तोंडाशी बसणारा लो नॉइज अँप्लिफायर पाहिला. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. डिश चांगली आहे, उपग्रह तोच आहे, तर नुसता फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बदलण्यावर खर्च कशासाठी? जुना तर चालतोच आहे!

आधी त्याचं काम समजून घेऊ. सी बँडमध्ये उपग्रहाकडे जाणारा सिग्नल ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि खाली येणारा ३,७०० ते ४,२०० मध्ये. मोडेम मात्र परंपरेने ७० मेगाहर्ट्झवर काम करतो. या दोघांमधला दुभाषा म्हणजे कन्व्हर्टर. जुन्नर तालुक्यात आर्वीला विक्रम भू-केंद्र उभं राहिलं त्या काळापासून आजपर्यंत डिश लहान झाल्या, मोडेम बदलले, पण हे दुभाष्याचं काम काही टळलेलं नाही.

भाषांतर होतं कसं? समजा ४,००० मेगाहर्ट्झवरचा सिग्नल हवा आहे. कन्व्हर्टरमधला लोकल ऑसिलेटर ३,९३० वर ठेवला, दोन्ही मिक्सरमध्ये घातले, की फरक निघतो ७० मेगाहर्ट्झ. पण ३,८६० आणि ३,९३० यांचा फरकही ७० च! म्हणजे त्याच बँडमधला दुसराच सिग्नल आपल्या सिग्नलवर येऊन बसणार. म्हणून चांगल्या कन्व्हर्टरमध्ये हे काम दोन टप्प्यांत करतात. आधी १,१०० मेगाहर्ट्झच्या आसपास आणायचं, मग ७० वर. आता नको असलेली फ्रिक्वेन्सी जाते १,८०० ला, बँडपासून खूप लांब, आणि साध्या फिल्टरनेही अडवता येते. हे जुन्या चांगल्या यंत्रांतही होतंच. मग नव्यात वेगळं काय? तीन गोष्टी.

पहिली, अचूकता. स्वस्त, मोकळा सोडलेला ऑसिलेटर दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात सारखा राहत नाही, काही शे किलोहर्ट्झ सहज सरकतो. ३६ मेगाहर्ट्झचा टीव्ही सिग्नल असेल तर मोडेम सांभाळून घेतो. पण एखाद्या दुर्गम गावातल्या एटीएमचा कॅरिअर शंभर-दोनशे किलोहर्ट्झचाच असेल, तर तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकेल. नवे कन्व्हर्टर १० मेगाहर्ट्झच्या स्थिर संदर्भाला बांधलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ संपतो.

दुसरी गोष्ट आज सगळ्यात महत्त्वाची: फेज नॉइज. ऑसिलेटरचा सूर सरासरीने बरोबर असतो, पण क्षणाक्षणाला किंचित थरथरतो. तंबोरा जुळलेला आहे पण तार हलकीशी कापते, तसं. ही थरथर त्या कन्व्हर्टरमधून जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलला चिकटते आणि डिश कितीही मोठी केली तरी निघत नाही. शिवाय १० मेगाहर्ट्झवरून ५ गिगाहर्ट्झ तयार करायचं म्हणजे ५०० पट गुणायचं. त्यात संदर्भाची थरथर ५४ डेसिबलने वाढते.

जुन्या काळी हे खपून का जायचं? क्यूपीएसके पद्धतीत माहिती चार कोनांत ठेवलेली असते, म्हणून बिंदू ४५ अंश हलेपर्यंत रिसीव्हर फसत नाही. ३२ एपीएसकेमध्ये बाहेरच्या वर्तुळावर १६ बिंदू असतात. तिथे मोकळीक उरते फक्त ११.२५ अंश. त्याच ट्रान्सपाँडरमधून क्यूपीएसके एका खेपेला २ बिट नेतं, ३२ एपीएसके ५. अर्थात त्यासाठी सिग्नलही जोरदार लागतो. पण सिग्नल जोरदार आहे, भाडं पूर्ण ट्रान्सपाँडरचं भरतोय, आणि जुन्या कन्व्हर्टरच्या थरथरीमुळे अडीच पट माहिती नेता येत नाही, असं झालं तर खरा खर्च कुठे होतोय ते लक्षात येईल.

तिसरी गोष्ट, रुंदी. ७० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला मिळते ३६ मेगाहर्ट्झची जागा, म्हणजे एक नेहमीचा ट्रान्सपाँडर. प्रत्येकासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. एल बँडवर, म्हणजे ९५० ते १,४५० मध्ये, सी बँडचे पूर्ण ५०० मेगाहर्ट्झ एकदम उतरवता येतात. पण मग मोडेमही एल बँडचेच हवेत. तो खर्च अंदाजपत्रकात विसरू नका.

इथे एक गंमत होते. एल बँडसाठी ऑसिलेटर बहुतेक वेळा ५,१५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सिग्नलच्या वर ठेवतात. मग ३,७०० चं होतं १,४५० आणि ४,२०० चं ९५०. सगळा पट्टा उलटा! बदलानंतर सिग्नल भरपूर दिसतोय पण मोडेम लॉक होत नाही, असं झालं तर आधी मोडेममधली स्पेक्ट्रम इन्व्हर्जनची सेटिंग पाहावी. यंत्र परत पाठवायची घाई नको.

मग बदलायचा की नाही? आपण असं ठरवू. थरथर साखळीतल्या प्रत्येक दुव्याची मिळून होते: पाठवणारा कन्व्हर्टर, घेणारा कन्व्हर्टर, संदर्भ घड्याळ. सगळ्यात वाईट दुवा तसाच ठेवून दुसराच बदलला तर पैसे वाया. म्हणून आधी स्पेक्ट्रम अनालायझरवर प्रत्येकाचा फेज नॉइज मोजा. कॅरिअर अरुंद असतील तर मध्याच्या अगदी जवळची, १०० हर्ट्झ आणि १ किलोहर्ट्झ अंतरावरची थरथर बघा, कारण तिथे रिसीव्हरला तिचा पाठलाग करणं जड जातं. आणि जिथे क्यूपीएसकेच चालवायचं आहे, फ्रिक्वेन्सी सरकत नाही, सुटे भाग मिळताहेत, तिथे जुना कन्व्हर्टर खुशाल चालू द्या.

पुढच्या व्याख्यानात हे मोजमाप प्रत्यक्ष कसं करायचं ते पाहू.