खूण आणि तिची नोंद

तळोदा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचे कोरडे पानझडी जंगल असून, हिवाळ्यात तेथील गवत वाळते, नाल्यांचे पाणी ओसरून काठाचा ओलसर गाळ उघडा पडतो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उथळ ठसाही सावलीमुळे ठळक दिसतो. म्हणून वाटाड्यासह वन्यजीवांच्या खुणा शोधत फिरण्यास हाच काळ सोयीचा ठरतो.

बिबट्या, तरस, अस्वल हे प्राणी बहुधा रात्री हिंडत असल्याने ते स्वतः क्वचितच दिसतात. बिबट्याच्या पावलाची चार बोटे उमटतात, परंतु चालताना नखे आत ओढलेली असल्याने त्यांची खूण सहसा राहत नाही. कुत्रा व तरस यांच्या ठशांत ती राहते, तर अस्वलाच्या पाच बोटांपुढे लांब नखांच्या खाचा असतात. विष्ठा अधिक बोलकी असते: हाडे खाणाऱ्या तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते, तर अस्वलाच्या विष्ठेत बोरांच्या बिया सापडतात आणि जवळपास उकरलेले वारूळ दिसल्यास ती ओळख पक्की होते. एकट्या ठशावर विसंबणे धोक्याचेच. उसात बिबट्याचा वावर असलेल्या या तालुक्यात दांडग्या कुत्र्याच्या पावलाचाही गावभर बिबट्या होऊ शकतो.

नोंद चुकली तर काय होते, हे रानपिंगळा या लहान घुबडाच्या इतिहासात दिसते. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले, मात्र १८८४ नंतर खात्रीलायक नोंद मिळाली नाही. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत नमुना मिळाल्याचे सांगितले होते. तो वस्तुतः डेव्हिडसन यांचाच, चोरून खोटी चिठ्ठी लावलेला नमुना होता, आणि त्या चिठ्ठीने पुढील शोधकांना भलतीकडे नेले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी दिसला आणि नंतरच्या सर्वेक्षणांत तळोद्याच्या वनातही आढळला.

रानपिंगळा दिवसाही वावरतो, त्यामुळे उघड्या फांद्या न्याहाळाव्यात. झाडाखाली घुबडांनी तोंडावाटे टाकलेल्या, न पचलेल्या हाडाकेसांच्या गुठळ्या मिळाल्यास तारीख, जागा व झाडाची जात तिथेच लिहावी. हिवाळा हा त्याच्या विणीचाही काळ असल्याने ढोलीजवळ रेंगाळू नये आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये.