नशा उतरली, पण नजर धुरकट

जुहूच्या नेहरूनगरमधला एक पॉलिशकाम करणारा कारागीर एका सकाळी बायकोचा आधार घेत माझ्या दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, ह्यांना काल रात्रीपासून उलट्या होताहेत, पोटातही दुखतंय," ती म्हणाली. परवा रात्री 'थोडी' घेतल्याचे त्याने आढेवेढे घेत कबूल केले. दारू पिऊन पोट बिघडलेले रोगी रोजच येतात. मी पित्ताचे इंजेक्शन भरायला घेतले. तेवढ्यात तो म्हणाला, "दवाखान्यात एवढा धूर कसला झालाय?"

धूर कुठेच नव्हता. मी सिरिंज खाली ठेवली आणि रिक्षा बोलवायला सांगितले. तो हे वाक्य बोलला नसता, तर मी त्याला दोन गोळ्या देऊन घरी पाठवणार होतो, हे आज लिहितानाही मला बरे वाटत नाही.

तो प्यायला होता ते पॉलिशचे स्पिरिट. त्यात मिथाईल अल्कोहोल होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूतून हेच विष पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीतही असेच विषारी दारूकांड घडले होते.

या विषाची गंमत, खरे तर दगाबाजी, अशी की ते मूळ रूपात फारसे घातक नसते. नेहमीच्या दारूचा निचरा करणारे यकृतातील विकर त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करते आणि मग त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. हे ॲसिड रक्तात साचते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. याला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात. सोबत साधी दारूही पोटात गेली असेल तर आणखी उशीर लागतो. तोवर नशा उतरलेली असते आणि घरच्यांना वाटते, आता झोपू द्या. शुद्ध मिथाईल अल्कोहोल अवघे दहा मिलिलिटर पोटात जाऊनही दृष्टी गेल्याची उदाहरणे आहेत.

उपचार ऐकून पुष्कळांना हसू येते. ते विकर साध्या अल्कोहोलशी आधी जुळते, म्हणून रुग्णालयात मोजून तेच देतात, किंवा फोमेपिझोल नावाचे औषध देतात. गरज पडल्यास डायलिसिस करून रक्त धुऊन काढतात. मात्र हा उतारा घरी करून पाहू नये. मात्रा चुकली की रोगी हातचा जातो.

उपचाराला उशीर झाला, तर पुढचे काम शवविच्छेदनाच्या टेबलावर होते. वैद्यकीय शिक्षणात डॉ. मोदींचा विषशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ आम्ही परीक्षेपुरता घोकला. त्यातली एक गोष्ट मात्र पक्की लक्षात राहिली. जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड हे अवयव, म्हणजेच व्हिसेरा, एरवी स्पिरिटमध्येही टिकतात. पण दारूचा संशय असेल तर स्पिरिट वापरायचे नाही, मिठाचे संपृक्त द्रावण घ्यायचे. नाहीतर बरणीत सापडलेले अल्कोहोल मृताचे की बरणीचे, हा प्रश्न कोर्टात उभा राहतो. त्या द्रावणाचाही वेगळा नमुना सोबत द्यावा लागतो. रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणजे कुजताना नवे अल्कोहोल तयार होत नाही. सीलबंद नमुने आपल्याकडे कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र मिथाईल आणि इथाईल वेगवेगळे करून दाखवते. नुसत्या वासावरून हे कोणालाच सांगता येत नाही.

आमचा कारागीर वाचला. नजर मात्र पूर्ण परतली नाही. लाकडाची रंगछटा पाहायला त्याला आता मुलाला हाक मारावी लागते.

त्याच्या बायकोने एक काम फार शहाणपणाने केले होते. उरलेली बाटली तिने पिशवीत घालून आणली होती, त्यामुळे रुग्णालयात निदानाला वेळ लागला नाही. पोलिसांच्या धास्तीने अशी बाटली गटारात ओतणारेच जास्त. कोणी प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी धुरकट दिसते म्हणाला, श्वास जोराने घेऊ लागला, तर डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि बाटली बरोबर न्या. त्याच अड्ड्यावर आणखी कोण कोण बसले होते, तेही डॉक्टरांना सांगा. त्यांना अजून काहीच झाले नसले, तरी.