पैसा असूनही खेळाडू का घेता येत नाही?

ज्याच्या गल्ल्यात रोकड त्याचा माल, हा बाजाराचा जुना कायदा. आयपीएल क्रिकेटमध्ये मात्र तो चालत नाही. मुंबई इंडियन्सचे मालक कितीही धनवान असोत, खेळाडूंच्या खरेदीवर त्यांना दहांतल्या इतर कोणत्याही संघापेक्षा एक रुपयाही जास्त लावता येत नाही. मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर रस्त्याला पाटोदा आणि केजचे रस्ते येऊन मिळतात. तेथील आमचे गॅरेजवाले, टायरवाले, हॉटेलवाले बांधव आयपीएलच्या दिवसांत एकमेकांना विचारतात की, अमका चांगला खेळाडू संघाने सोडला कसा आणि तमका दुसऱ्याने पळवला कसा? याचे उत्तर मैदानात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त सापडते. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

प्रत्येक संघाला एक ठरावीक थैली असते. तिला 'पर्स' म्हणतात. २००८ साली पहिल्या लिलावात ती ५० लाख डॉलरची होती. २०२४ च्या हंगामासाठी १०० कोटी रुपये, तर २०२५ साठी १२० कोटी रुपये ठरली. जुने खेळाडू ठेवले की त्यांची किंमत थैलीतून वजा होते आणि उरलेल्या रकमेवर लिलावात बसावे लागते. याशिवाय लिलावाबाहेर दोन संघांना आपसांत खेळाडूंची देवघेव करता येते. खेळाडू ज्या किमतीवर आहे ती रक्कम नव्या संघाच्या थैलीतून कमी होते आणि जुन्या संघाला तेवढी जागा मोकळी होते. आपल्या बीड जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. एका मुकादमाकडचा कोयता दुसऱ्याला हवा असेल तर आधी त्याची उचल फेडावी लागते. आयपीएलमध्ये एवढेच जास्त की, दुसऱ्या मुकादमाच्या खिशालाही वरून कुलूप लावलेले आहे.

सर्वांत बोलका सौदा नोव्हेंबर २०२३ मधला. हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सचा कर्णधार होता, किंमत १५ कोटी. मुंबईला तो परत हवा होता. मुंबईने आधी ८ कोटींचा जोफ्रा आर्चर आणि इतर काही खेळाडू सोडून जागा केली. पण हार्दिकचे १५ कोटी भरल्यावर त्यांच्या थैलीत उरत होते फक्त २५ लाख. लिलावात सर्वांत स्वस्त खेळाडूची पायाभूत किंमत तेव्हा २० लाख होती. म्हणजे कर्णधार आणला, पण गोलंदाज आणायला पैसा नाही. दुकानाचा दर्शनी भाग सजवला आणि आत माल भरायला भांडवल उरले नाही, असा प्रकार. तेव्हा मुंबईने आपला कॅमेरॉन ग्रीन, ज्याला आदल्याच वर्षी १७ कोटी ५० लाखांना घेतले होते, तो बेंगलोरला दिला. बेंगलोरला हे परवडले, कारण त्यांनी हर्षल पटेल, हसरंगा आणि हेझलवूड यांना सोडून थैली मोकळी केली होती. मुंबईच्या थैलीत आता १७ कोटी ७५ लाख झाले. त्यातून डिसेंबरच्या दुबईतील लिलावात कोएत्झी ५ कोटी, तुषारा ४ कोटी ८० लाख, मदुशंका ४ कोटी ६० लाख आणि मोहम्मद नबी दीड कोटी असे चौघे आले.

ग्रीन वाईट खेळत होता म्हणून गेला नाही. तो महाग होता आणि जागा हवी होती. (एवढे करून २०२४ मध्ये मुंबई शेवटच्या क्रमांकावर राहिली, ती गोष्ट वेगळी. वही जुळली म्हणजे धंदा चालतोच असे नाही.)

या कुलपाला एक फटही आहे. खेळाडू सोडण्याबद्दल जुना मालक नव्याकडून वेगळी रक्कम घेऊ शकतो. ती थैलीत मोजली जात नाही आणि जाहीरही होत नाही. तिच्यातला काही वाटा खेळाडूला मिळू शकतो. सर्वांना समान मर्यादा म्हणायचे आणि मोठ्या मालकासाठी मागचा दरवाजा ठेवायचा, हे आम्हाला पटत नाही.

देवघेव काही नवी नाही. श्रीरामपूरचा झहीर खान २००९ मध्ये बेंगलोरहून मुंबईत आला तो रॉबिन उथप्पाच्या बदल्यात. झहीरची किंमत साडेचार लाख डॉलर होती, उथप्पाची ८ लाख. मात्र सौदा संघांनी करायचा, खेळाडूने परस्पर बोलणी करायची नाहीत. रवींद्र जडेजाने ती केली म्हणून २०१० चा पूर्ण हंगाम त्याला घरी बसावे लागले. तोच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईहून राजस्थानला रीतसर सौद्याने परत गेला. चेन्नईने जडेजा आणि २ कोटी ४० लाखांचा सॅम करन दिला, राजस्थानकडून १८ कोटींचा संजू सॅमसन घेतला. जडेजाही १८ कोटींवर होता, पण राजस्थानला तो १४ कोटींवर गेला. आता बेरीज करा. तो जुन्या किमतीवरच गेला असता तर राजस्थानच्या थैलीवर २ कोटी ४० लाखांचा बोजा वाढला असता. १४ वर आल्याने उलट १ कोटी ६० लाख मोकळे झाले.

हा प्रकार जिथून आला त्या अमेरिकन बास्केटबॉलमध्ये असे होत नाही. तेथे एनबीए स्पर्धेत १९८४-८५ पासून पगाराची मर्यादा आहे. सुरुवातीला ३६ लाख डॉलर, २०२५-२६ साठी सुमारे साडेपंधरा कोटी डॉलर. संघ बदलला तरी खेळाडूचा पगार तोच राहतो, म्हणून पगाराला पगार जुळवावा लागतो. मर्यादा ओलांडून बसलेल्या संघाने जेवढा पगार बाहेर पाठवला, साधारण तेवढाच आत घेता येतो. फार खर्चिक संघांना तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणायलाही बंदी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डोंचिच लॉस एंजेलिसला दिला आणि मुख्यतः अँथनी डेव्हिस घेतला. दोघांचा त्या वर्षाचा पगार सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर, जणू तराजूत तोलूनच दिला. डोंचिचची संमती मात्र कोणाला लागली नाही. आयपीएलमध्ये ती लागते, आणि या बाबतीत आपल्याकडचा नियम बरा.

पण खरा फरक मर्यादा कोण ठरवते यात आहे. अमेरिकेत ती मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारातून निघते. खेळाच्या उत्पन्नातला जवळजवळ अर्धा वाटा खेळाडूंचा, हे त्यात लिहिलेले आहे. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तीसुद्धा साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना समोरासमोर बसल्यावरच. आयपीएलची थैली क्रिकेट मंडळाकडून ठरते आणि चालू खेळाडूंच्या वतीने बोलणारी संघटना तेथे नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. दहा संघांच्या थैल्या मिळून २०२५ मध्ये १,२०० कोटी झाल्या, म्हणजे त्या रकमेचा साधारण आठवा हिस्सा. सामन्यागणिक मिळणारे साडेसात लाखांचे मानधन त्यात धरलेले नाही, पण ते धरूनही हिस्सा पाचव्यापर्यंत पोहोचत नाही.