कावेरीकाठची गायराने

तंजावर प्रांताची ख्याती भाताची. करिकाल चोळाच्या कल्लणै बंधाऱ्यापासून 1934 साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणापर्यंत येथील जलव्यवस्था भातासाठी उभी राहिली, आणि गुरांच्या वाट्यास आले ते बांध, कालव्यांचे काठ, तळ्यांची कोरडी पात्रे, कापणीनंतरची मोकळी शेते आणि सरकारदप्तरी ‘मेय्चल पोरंबोक्कु’ म्हणून नोंदलेली गायराने. चिखलात नांगर ओढण्यासाठी नावाजलेली उंबळाच्चेरी जात 1991 पूर्वीच्या अखंड तंजावर जिल्ह्यात पोसली गेली ती याच तुटपुंज्या चराईवर.

अशा चराईची उत्पादकता मोजावी कशी? गुरांच्या खानेसुमारीवरून ती कळत नाही, आणि गवताच्या उंचीवरूनही नाही. हरळीचे नवे पान बुडाशी असलेल्या वर्धनशील पेशींतून येते, म्हणून वरचा भाग चरला गेला तरी वनस्पती मरत नाही. परंतु प्रत्येक पानाचे आयुष्य ठरलेले असते, ते सरले की पान आपले बरेचसे नत्र कोवळ्या पानांकडे धाडून स्वतः पिवळे पडते. गुरांच्या तोंडी लागते ते वाढीतून हे मरण वजा जाऊन उरलेले शेष. कुरण न चरता राखले, तर एक वेळ अशी येते की जितकी पाने उगवतात तितकीच वाळतात, आणि वाढ चालू असूनही चारा वाढत नाही; उलट ते खरवडून चरले, तर ऊन झेलण्यास पानच उरत नाही. इंग्लंडातील हर्ली येथील संशोधकांनी 1983 साली मेंढ्यांच्या कुरणांवरून दाखवून दिले की, सर्वाधिक चारा गुरांच्या पोटात जातो तो कुरण दाट असताना नव्हे, तर बरेच आखूड राखले असताना. त्याआधीच, 1957 मध्ये, आंद्रे व्हॉइसँ या फ्रेंच पशुपालकाने दोन चरायांमधील कुरणाच्या विश्रांतीच्या कालावधीवर भर दिला होता, आणि माझ्या मते तंजावरास अधिक उपयोगी तेच आहे.

कारण येथे ऋतू फार कठोर. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर, गवत भरभरून येते. पण ओल्या चिकण मातीत गुरांचे खूर रुतून मुळे चेचली जातात आणि साचल्या पाण्याखाली मेलेले पान प्राणवायूवाचून संथपणे कुजते. पुढे सांबा भाताची कापणी होते, शेते मोकळी होतात, आणि उरते ते मुख्यत्वे तण व पेंढा. भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा 3 ते 4, तर गुरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांस सुमारे 7 लागतात. म्हणजे पोट भरते, पोषण होत नाही. कुजण्याची दुसरी, सुलक्षणी बाजूही याच काळात दिसते: रामनाथपुरम् व पुदुक्कोट्टैकडील मेंढपाळ रिकाम्या शेतांत रात्री मेंढ्या बसवतात, त्यास ‘किडै’ म्हणतात, आणि चरलेले तण लेंडी-मूत्राच्या रूपाने त्वरेने मातीस परत मिळते. उभ्या वाळलेल्या गवतास जे महिनोन्महिने साधत नाही, ते पशूच्या पोटातून काही दिवसांत साधते.

हे सारे तपासून पाहण्याची जागाही जवळच आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडू येथे आपल्या प्रिय मुक्ताम्बाळच्या नावे अन्नछत्र बांधून वाटसरूंच्या अन्नाची तजवीज केली; त्याच कसब्यात आता पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, परंतु केवळ हद्द मोकळी झाल्याने गवत पिकत नाही. गायरानांचे भाग पाडून, पावसात निचरा होईपर्यंत गुरे बाहेर ठेवून, आणि पाने वाळू लागण्यापूर्वी पाळीपाळीने चराई करून पाहण्याचे काम महाविद्यालयाने व ग्रामपंचायतींनी एकत्र अंगावर घ्यावे, एवढी त्यांस माझी आग्रहाची विनंती आहे.